स्पर्धा संपवायला निघालेल्या माणसाने जगाला दाढीचं ब्लेड दिलं, त्याची गोष्ट

सलूनमध्ये खुर्चीत बसलं की कारागीर पहिलं काम काय करतो? कागदी वेष्टनातलं नवं ब्लेड काढतो, मधोमध कट्‌कन मोडतो आणि अर्धं वस्तऱ्यात बसवतो. त्या ब्लेडला दोन्ही बाजूंना धार आणि मध्ये लांबट खाच असते. घराघरांत त्याच ब्लेडने उसवण काढली जाते, पेन्सिलीला टोक केलं जातं. मोबाईल दर वर्षी बदलतो, पण हे ब्लेड शंभर वर्षांत फारसं बदललेलं नाही.

ज्याच्या डोक्यातून ते निघालं त्याचं नाव किंग कॅम्प जिलेट. नावातच किंग, पण राजेशाही काही नव्हती. भाऊ फिरतीवरचा सेल्समन होता.

5 जानेवारी 1855 ला अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये त्याचा जन्म झाला. वडिलांचा शिकागोत हार्डवेअरचा धंदा होता. 1871 मध्ये शिकागोला भीषण आग लागली, शहराचा मोठा भाग बेचिराख झाला आणि त्यात हा धंदाही गेला. किंग तेव्हा सोळा वर्षांचा होता. तिथून तो कामाला लागला आणि पुढची वीसेक वर्षं गावोगाव माल विकत फिरला. जोडीला काहीबाही शोध लावायचा नाद होता, पण त्यातून पैसा येत नव्हता. घरात नाव कमावलं ते आईने. तिचं नाव असलेलं 'व्हाइट हाउस कुकबुक' 1887 मध्ये आलं आणि अमेरिकेत जोरदार खपलं.

जिलेटनेही पुस्तक लिहिलं, पण भलत्याच विषयावर. 1894 च्या 'द ह्यूमन ड्रिफ्ट'मध्ये त्याचं म्हणणं होतं की जगातल्या सगळ्या दुःखांचं मूळ स्पर्धेत आहे. एकच माल बनवायला शंभर कारखाने कशाला? सगळ्या जनतेच्या मालकीची एकच कंपनी असावी. अमेरिकेतली बहुतेक सगळी माणसं नायगारा धबधब्याजवळ एकाच महाकाय शहरात राहावीत आणि तिथली वीज धबधब्यावर तयार व्हावी. शहराचं नाव मेट्रोपोलिस. पुस्तक आलं, पण शहर काही उभं राहिलं नाही.

गंमत म्हणजे तेव्हा तो बाटल्यांची झाकणं विकत होता. सोड्याच्या बाटलीचं ओपनरने उघडायचं पत्र्याचं बिल्ला-झाकण विल्यम पेंटर या माणसाने 1892 मध्ये पेटंट केलं होतं, आणि जिलेट त्याच्याच कंपनीत होता. (तेही झाकण आजवर जवळपास तसंच आहे.) पेंटरने त्याला सल्ला दिला की लोक एकदा वापरून फेकतील आणि पुन्हा विकत घ्यायला येतील, असं काहीतरी शोध.

1895 मध्ये एका सकाळी जिलेट दाढी करायला बसला तर वस्तरा बोथट. चामड्याच्या पट्ट्यावर घासून भागेना, धारवाल्याकडेच न्यावा लागणार होता. तेव्हा त्याच्या मनात आलं की धारेला पोलाद लागतं ते कडेपुरतं, मग पाठीमागे एवढं जाड पातं हवंच कशाला? पातळ पत्र्याला दोन्हीकडून धार लावायची आणि धार गेली की फेकून द्यायचं.

सेफ्टी रेझर त्याच्या आधीही होते, पण त्यांच्या पात्यांना घरीच धार लावावी लागायची. जिलेटचा खरा शोध फेकून देण्याचा होता.

कल्पना एका सकाळीत सुचली, तिला आकार यायला मात्र सहा वर्षं लागली. पोलाद एवढं पातळ करून कडक करता येत नाही, असं जाणकार सांगत होते. शेवटी विल्यम निकरसन या इंजिनिअरने ते आणि त्यासाठीची यंत्रं जमवून आणली. 1901 मध्ये कंपनी निघाली. 1903 मध्ये विक्री किती झाली? 51 रेझर आणि 168 ब्लेड. पुढच्याच वर्षी मात्र रेझर 90 हजारांच्या वर गेले, पेटंटही मिळालं.

रेझर फुकट द्या आणि ब्लेडवर कमवा ही युक्ती जिलेटची, असं मॅनेजमेंटच्या वर्गात सर्रास सांगतात. ते खरं नाही. त्याचा रेझर पाच डॉलरला होता, म्हणजे तेव्हा चांगलाच महाग. 1921 मध्ये पेटंटची मुदत संपेपर्यंत कंपनीने भाव धरून ठेवला. नकलाकार बाजारात आल्यावरच जुन्या पद्धतीचा रेझर एक डॉलरवर आला.

दरम्यान पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांसाठी 35 लाख रेझर घेतले. घरी परतलेल्या पोरांना रोज स्वतः दाढी करायची सवय लागली होती. ब्लेडच्या वेष्टनावर जिलेटचा मिशीवाला फोटो असायचा, त्यामुळे त्याचा चेहरा देशोदेशी पोहोचला.

पैसा आला तरी मेट्रोपोलिसचं खूळ काही गेलं नाही. 1910 मध्ये त्याने 'वर्ल्ड कॉर्पोरेशन'ची योजना मांडली आणि तिच्या अध्यक्षपदासाठी माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना दहा लाख डॉलर देऊ केले. रूझवेल्ट नाही म्हणाले. 1924 मध्ये लेखक अप्टन सिंक्लेअरच्या मदतीने त्याने पुन्हा तोच विचार पुस्तकातून मांडला. आणि त्याची स्वतःची कंपनी? ती एव्हाना नकलाकारांवर खटले भरत होती आणि बाजार काबीज करत होती. अर्थात तिथे त्याचा शब्द फारसा चालत नव्हता. भागीदारांशी बिनसल्यावर त्याने बरेचसे शेअर विकले होते आणि तो कॅलिफोर्नियात जाऊन राहिला होता. अध्यक्षपद नावापुरतं उरलं होतं.

1929 मध्ये शेअर बाजार कोसळला. पुढच्या वर्षी पेटंटच्या भांडणातून कंपनीला प्रतिस्पर्धी हेन्री गैसमनच्या कंपनीत हातमिळवणी करावी लागली आणि त्यात फुगवलेले हिशेबही उघडे पडले. 9 जुलै 1932 ला, वयाच्या 77 व्या वर्षी जिलेट गेला. तोवर बहुतेक संपत्ती संपली होती.

त्याच उलथापालथीत ब्लेडमध्ये शेवटचा ठळक बदल झाला. तीन गोल भोकांच्या जागी मधोमध लांबट खाच आली, पण ती अशी कापली की जुना रेझरही चालावा. त्यामुळे एखाद्याच्या संग्रहात 1904 चा जिलेट रेझर असेल, तर नाक्यावरच्या दुकानातलं आजचं ब्लेड त्यात बसतं.