प्रवेश नाकारलेली संशोधिका : डॉ. कमला सोहोनी

मेसमधल्या बटाट्याच्या भाजीला आपण रोज नावं ठेवतो. पण याच बटाट्यावर काम करून एका मराठी मुलीने केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली, तीही १९३९ साली! त्या म्हणजे डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या कमला भागवत. ज्येष्ठ लेखिका दुर्गाबाई भागवतांच्या त्या धाकट्या बहीण. दुर्गाबाईंचं नाव सगळ्यांना माहीत असतं, कमलाताईंचं मात्र सायन्सवाल्यांनाही सांगावं लागतं.

कमलाताईंचा जन्म १९११ सालचा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. (आज आपण तिला आय.आय.एस्सी. म्हणतो, गेटचा फॉर्म भरताना जिचं स्वप्न पाहतो तीच.) १९३३ साली कमलाताई मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिल्या आल्या. मग पुढे कुठे जायचं हा प्रश्नच नव्हता. त्यांनी बंगळूरला अर्ज केला.

अर्ज फेटाळला गेला. मार्क कमी म्हणून नव्हे, मुलगी म्हणून! आणि फेटाळणारे होते संस्थेचे संचालक, नोबेल विजेते सर सी. व्ही. रामन. एवढ्या मोठ्या माणसाने नाही म्हटल्यावर कुणीही गपचूप घरी बसलं असतं. कमलाताई मात्र थेट बंगळूरला जाऊन रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, अगदी रात्रीसुद्धा काम करावं लागेल. आणि प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये! मुलगी असणं म्हणजे वातावरण बिघडणं, हा त्यातला अर्थ. तो अपमान त्यांना आयुष्यभर बोचला. पण अटी मान्य करून त्या कामाला लागल्या.

मार्गदर्शक श्रीनिवासय्या फार कडक होते, पण मनापासून शिकवणारे. त्यांच्या हाताखाली कमलाताईंनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. वर्ष संपलं तेव्हा रामन यांना त्यांचं काम मान्य करावंच लागलं, आणि त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. म्हणजे एक वर्ष एकटीने सोसलं आणि मागून येणाऱ्यांची वाट मोकळी झाली.

आमच्या आष्टीकडे आजही एखादी मुलगी इंजिनिअरिंगला निघाली की घरात आधी हॉस्टेलची चर्चा होते, मग फीची, आणि मार्कांची सगळ्यात शेवटी. तेव्हा १९३३ साली काय असेल याची कल्पनाच केलेली बरी.

१९३७ साली कमलाताई केंब्रिजला गेल्या. तिथे रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या श्वसनावर काम करताना त्यांना बटाट्यात 'सायटोक्रोम सी' हे प्रथिन सापडलं. प्राण्यांच्या पेशीत ते असतं हे ठाऊक होतं. तेच वनस्पतीतही श्वसनाचं काम करतं, हे आता दिसलं. म्हणजे आपण आणि बटाटा, श्वास घेण्याची मूळ यंत्रणा एकच! केंब्रिजला पोचल्यापासून चौदा महिन्यांत प्रबंध तयार, आणि तोही टाइप केलेली अवघी ४० पानं. आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टची जाडी वाढवणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

या प्रथिनाची खरी गंमत नंतर कळत गेली. ते काम करतं मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या पॉवर हाउसमध्ये. तिथे ते इलेक्ट्रॉनची ने-आण करतं. पण ते तयार होतं बाहेर, पेशीद्रवात. मग योग्य ठिकाणी पोचतं कसं? पाकिटावर नुसतं 'आष्टी' लिहिलं तर पत्र बीड जिल्ह्यातल्या आष्टीला जाऊ शकतं, नाहीतर वर्धा जिल्ह्यातल्या. आमच्याकडे यायचं तर तालुका परतूर, जिल्हा जालना लिहावंच लागतं. पेशीतही तसंच आहे. प्रथिनाचा पत्ता त्याच्या साखळीतच लिहिलेला असतो. हे दाखवणाऱ्या गुंटर ब्लोबेल यांना १९९९ चं नोबेल मिळालं. पुष्कळ प्रथिनांत हा पत्त्याचा तुकडा मुक्कामी पोचल्यावर कापून टाकला जातो. सायटोक्रोम सी मध्ये असा सुटा तुकडा नसतोच. ते घडी न पडलेल्या धाग्यासारखं बाहेरच्या पडद्यातल्या अरुंद दारातून आत सरकतं. आत गेल्यावर त्याला लोह असलेला 'हीम' जोडला जातो, मग घडी पडते, आणि त्या दारातून परत फिरणं बंद! म्हणजे काम सुरू होतं ते आत शिरल्यावर. बाहेर असताना तो नुसता धागा. पुढे १९९६ साली असंही आढळलं की पेशी बिघडली की हेच प्रथिन मायटोकॉन्ड्रियातून बाहेर सुटतं आणि पेशीच्या मरणाचा इशारा देतं. एवढंसं प्रथिन, पण आत असलं तर जगवतं आणि बाहेर आलं तर मारतं.

कमलाताई मात्र या वाटेने पुढे गेल्या नाहीत. १९३९ लाच त्या भारतात परतल्या. दिल्लीचं लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेज, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा, आणि १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न झाल्यावर मुंबईची विज्ञान संस्था. तिथे त्यांनी विषय निवडले ते गरिबाच्या ताटातले. कडधान्यांत पचनाला आडकाठी करणारी प्रथिनं असतात, त्यांचा अभ्यास केला. ताडामाडाच्या नीरेवर काम केलं. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना नीरेने फायदा होतो हे दाखवून दिलं, आणि त्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. त्या संस्थेच्या संचालक झाल्या आणि १९६९ साली निवृत्त झाल्या. नंतरही ग्राहक चळवळीत अन्नभेसळीविरुद्ध काम चालूच होतं.

१९९८ साली दिल्लीत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार ठेवला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि लवकरच त्यांचं निधन झालं. कौतुक झालं, पण किती उशिरा!

मित्रांनो, आपल्या लॅबमध्ये आज मुली सहज वावरतात, कधी कधी आपल्यापेक्षा जास्त मार्कही घेतात. ते सहज झालेलं नाही. कुणीतरी अटी सोसून आत शिरलं, काम करून दाखवलं, म्हणून दार उघडं राहिलं. पुढच्या वेळी मेसमध्ये बटाट्याची भाजी आली की नाक मुरडण्याआधी एकदा कमलाताईंची आठवण काढा. (भाजी बदलणार नाही, ते मेस कमिटी बघेल!)

त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.