वाचणारी बोटे

साक्षर म्हटले की आम्हाला डोळे आठवतात. लुई ब्रेल बोटांनी साक्षर झाले. फ्रान्समधील कूपव्रे गावी १८०९ साली त्यांचा जन्म. वडील खोगिरे बनवत. त्यांच्याच आरीने तीन वर्षांच्या लुईचा एक डोळा गेला, पुढे दुसराही. पॅरिसच्या अंधशाळेत मुले कागदावर उठवलेली मोठाली अक्षरे चाचपून वाचत. लिहिता मात्र येत नसे. ही निम्मीच साक्षरता, असे आम्हाला वाटते. पंधराव्या वर्षी लुईने बार्बिये नावाच्या गृहस्थांची बारा टिंबांची लिपी सहावर आणली. बोटाच्या एका स्पर्शात अक्षर मावले, अंध मूल लिहू लागले. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या लुईंनी संगीतही टिंबांत बसवले. शाळेने लिपी अधिकृत केली १८५४ साली. ते १८५२ सालीच वारले होते. १९५२ साली त्यांचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये नेले. हात मात्र कूपव्रेच्या दफनभूमीतच ठेवले.