पाच कळांचा तारयंत्रज्ञ : एमिल बोदो

संगणकाच्या कमांड शेलमध्ये बॅकस्लॅश ही तिरपी रेघ लिहिली की तिच्या पुढील चिन्हाचा अर्थ बदलतो. स्वतः न उमटता पुढचा अर्थ बदलणाऱ्या अशाच एका खुणेची गरज फ्रेंच तारखात्यातील एका कर्मचाऱ्याला दीडशे वर्षांपूर्वी भासली होती. त्यांचे नाव एमिल बोदो.

११ सप्टेंबर १८४५ रोजी फ्रान्समधील मान्यो या गावी शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिक्षण प्राथमिक शाळेपुरतेच. पुढे वडिलांच्या शेतावर काम. १८६९ मध्ये ते तारखात्यात उमेदवारीला लागले आणि यंत्रविद्या तेथेच शिकले. तार बराच वेळ रिकामी राहते, हे त्यांना खटकत असे. खात्याने संशोधनास उत्तेजन दिले, पैसा मात्र दिला नाही. फावल्या वेळात खपून त्यांनी १८७४ मध्ये एकाच तारेवरून अनेक संदेश नेणाऱ्या यंत्रणेचे पेटंट मिळविले.

त्यांच्या कळफलकाला पाचच कळा होत्या. डाव्या हाताची दोन व उजव्याची तीन बोटे यंत्राच्या ठेक्यावर चालवावी लागत. पाच कळांच्या जुळण्या होतात ३२. अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे तेवढ्यात मावेनात. बोदो यांनी दोन जुळण्या राखून ठेवल्या. एक आली की पुढचे सारे अंक व चिन्हे समजायची, दुसरी आली की पुन्हा अक्षरे. त्यांतून कागदावर अक्षर उमटत नसे. यंत्राला केवळ हुकूम मिळे. तो वाटेत हरवला, तर पुढचा मजकूर निरर्थक ठरे.

१८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले. २८ मार्च १९०३ रोजी त्यांचे निधन झाले. संदेशवहनाच्या वेगाचे बॉड हे एकक त्यांच्याच नावाचे.

आस्की संकेतावलीतील १४ व १५ क्रमांकांची नियंत्रक चिन्हे हेच काम करतात. शेल एरवी बॅकस्लॅश स्वतःच काढून टाकतो व पुढचे एकच चिन्ह जसेच्या तसे घेतो. एकेरी अवतरणचिन्हांत मात्र तो त्याला हात लावत नाही. तेथे बॅकस्लॅशनंतर ०१६ लिहून प्रिंटएफ आज्ञेला दिले, की ती हा अष्टमान आकडा वाचून १४ क्रमांकाचे चिन्ह पाठवते. काही टर्मिनलवर मग अक्षरांऐवजी रेघा उमटू लागतात. ०१७ पाठविले की अक्षरे परततात. टर्मिनल बिघडलेले नसते. बोदो यांच्या तारेप्रमाणेच, परतीचा हुकूम तेवढा यायचा राहिलेला असतो.