घटक ५ : इतिहासाचार्य वि. का. राजवाडे – जीवन आणि संशोधनदृष्टी

५.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला
• राजवाडे यांच्या जीवनाचा आणि कार्याचा परिचय करून देता येईल.
• अस्सल कागद आणि त्याचा अन्वयार्थ यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• राजवाडे यांच्या इतिहासदृष्टीचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा सांगता येतील.
• स्वतःच्या परिसरातील एखाद्या विषयावर लहानसे संशोधन कसे आखावे, हे ठरवता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, पदवीच्या टप्प्यावर एखादा शोधप्रकल्प लिहावयाचा म्हटले की तुमच्या मनात पहिली शंका येते ती अधिकाराची. संशोधन हे प्राध्यापकांचे किंवा मोठ्या ग्रंथालयांत बसणाऱ्या विद्वानांचे काम. नोकरी, शेती किंवा घरसंसार सांभाळून शिकणाऱ्याने त्यात कसे पडावे, असे तुम्हांला वाटते. या शंकेचे उत्तर देणारे एक चरित्र या घटकात आपण अभ्यासणार आहोत. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्यापाशी विद्यापीठातील पद नव्हते, सरकारी अनुदान नव्हते, स्थिर उत्पन्नही नव्हते. तरीही मराठ्यांच्या इतिहासाचा पाया अस्सल कागदांवर घालण्याचे काम त्यांनी केले. त्याचबरोबर, कागद गोळा करणाऱ्याची दृष्टी कोठे निर्मळ राहते आणि कोठे गढूळ होते, हेही याच चरित्रातून शिकता येते. म्हणून हे चरित्र गौरवासाठी वाचू नका. एका संशोधकाची घडण आणि पारख म्हणून वाचा.

५.२ घडण

राजवाडे यांचा जन्म १८६३ सालचा. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपले आणि नातेवाइकांच्या आधाराने त्यांचे शिक्षण झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते पदवीधर झाले. पाठ्यपुस्तकांपेक्षा अवांतर वाचनातच त्यांचे मन अधिक रमे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने जागवलेला भाषाभिमान आणि ‘काव्येतिहास-संग्रह’ या मासिकातून प्रसिद्ध होणारी जुनी कागदपत्रे यांचा त्यांच्या तरुण मनावर खोल परिणाम झाला. पाश्चात्त्य विचारवंतांपैकी ऑगस्त काँत याच्या विचारांचा प्रभाव त्यांच्या लेखनात दिसतो.

काही काळ त्यांनी शिक्षकाचे काम केले. पुढे ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढून परभाषेतील मोलाचे ग्रंथ मराठीत आणण्याचा उद्योग आरंभिला. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चा अनुवाद हे त्यातील महत्त्वाचे फळ होय. याच सुमारास, १८९२ मध्ये, त्यांच्या पत्नीचे निधन झाले. तिशीही पूर्ण न केलेल्या राजवाडे यांनी पुन्हा विवाह केला नाही. उरलेले आयुष्य त्यांनी एकट्याने, हाताने स्वयंपाक करून, अत्यंत अल्प गरजांत काढले. आपले संशोधन मराठीतच लिहावयाचे, हा त्यांचा निर्धार होता. इंग्रजीत लिहून मिळणाऱ्या कीर्तीवर त्यांनी त्यामुळे पाणी सोडले.

५.३ पानिपतचे कागद

त्या काळी मराठ्यांचा इतिहास म्हणून जे वाचले जाई, त्यात ग्रँट डफ याने लिहून १८२६ साली प्रसिद्ध केलेला इंग्रजी ग्रंथ प्रमुख होता. दुसरे साधन म्हणजे बखरी. बखर ही बहुधा घटनेनंतर, ऐकीव माहितीवर आणि आश्रयदात्याच्या मर्जीकडे पाहून लिहिली जाई. तिची भाषा जोरकस असली, तरी तिच्यातील सनावळी, संख्या आणि क्रम यांची खात्री देता येत नाही. ज्यांनी घटना घडवल्या, त्यांनी त्या घडत असताना लिहिलेली पत्रे मिळाली तर बखरी पारखून घेता येतील, हे राजवाडे यांनी ओळखले.

अशी पत्रे त्यांना वाई येथील एका जुन्या घराण्याच्या दफ्तरात मिळाली. १७५० ते १७६१ या काळातील ती मोडी पत्रे वाचून, लावून, त्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. सदाशिवरावभाऊंनी गोविंदपंत बुंदेले यांना लिहिलेली पत्रे त्यात आहेत. पैसा, धान्य, नदी उतरण्यासाठी नावा, शत्रूची रसद तोडणे अशा रोजच्या निकडींनी ती भरलेली आहेत. १४ जानेवारी १७६१ चा पराभव तोवर बव्हंशी शौर्याची आणि दैवाची कथा म्हणून सांगितला जात होता. या पत्रांमुळे तो पुरवठा, द्रव्य आणि राजकारण यांचा प्रश्न म्हणूनही अभ्यासता येऊ लागला.

येथे एक तांत्रिक बाब लक्षात घ्या. मराठेशाहीतील पुष्कळ पत्रांवर महिना आणि दिवस असतो, पण वर्ष नसते. जेथे वर्ष असते, तेथेही ते बहुधा सुहूर सनात, अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिलेले असते. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो. हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होत असल्याने ११६१ म्हणजे १७६०–६१. ज्या पत्रावर वर्षच नाही, त्याचा काळ मात्र मजकुरातील माणसे, ठिकाणे आणि प्रसंग यांवरून ठरवावा लागतो. वर्ष चुकले की कारण परिणामाच्या मागे जाते आणि सारा अर्थ उलटतो. शेकडो पत्रांच्या बाबतीत हे किचकट काम राजवाडे यांनी एकहाती केले. त्यांचे काही निर्णय पुढील अभ्यासकांनी दुरुस्तही केले.

५.४ दफ्तरांच्या शोधात

पहिल्या खंडानंतर राजवाडे यांचे आयुष्य म्हणजे एक अखंड भ्रमंती झाली. सरदारांचे वाडे, देशमुख-देशपांड्यांची घरे, मठ, मंदिरे, जोशी-कुलकर्ण्यांच्या कोनाड्यांतील रुमाल, जेथे म्हणून कागद असण्याचा संभव, तेथे ते पोहोचत. पुष्कळदा पायी, खांद्यावर बिऱ्हाड घेऊन. कागद मिळणे सोपे नव्हते. वाळवी, पाऊस आणि उंदीर हे शत्रू होतेच. वैभव गेलेल्या घरांत जुने रुमाल रद्दीच्या भावानेही जात. त्याहून अवघड होता तो मालकांचा संशय. इनाम कमिशनने वतनांची कसून तपासणी केली, त्याला फार काळ लोटला नव्हता. कागद बाहेर गेला तर वतनावर गंडांतर येईल, भाऊबंदकीचा दावा उभा राहील, ही भीती घरोघर होती. अशा घरांच्या दारी पुनःपुन्हा जाणे, नकार ऐकणे आणि तरीही विश्वास संपादन करणे, हा राजवाडे यांच्या संशोधनाचा न दिसणारा भाग आहे.

या परिश्रमांतून साधनांच्या मालेचे एकूण २२ खंड निघाले. मिरजेच्या पटवर्धनांचे दफ्तर प्रकाशात आणणारे वासुदेवशास्त्री खरे आणि ‘रियासत’कार गो. स. सरदेसाई हे याच पिढीतील. एकट्याच्या बळाला मर्यादा असते, हे ओळखून राजवाडे यांनी ७ जुलै १९१० रोजी पुण्यात खं. चिं. मेहेंदळे यांच्या सहकार्याने भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. कागद जमवणे, जतन करणे, त्यांवर निबंध वाचणे आणि वाद करणे यांसाठी मराठी अभ्यासकांना हक्काचे व्यासपीठ मिळाले. राजवाडे यांचा स्वभाव मात्र तापट आणि एकांडा. पुढे मंडळींशी त्यांचे बिनसले आणि आपणच उभारलेल्या संस्थेपासून ते दूर झाले.

५.५ राजकीय इतिहासापलीकडे

राजे आणि लढाया एवढाच इतिहास, असे राजवाडे यांनी कधी मानले नाही. समाजाचे सर्वांगीण जीवन, म्हणजे त्याची भाषा, वसाहती, कुटुंबरचना, धर्मकल्पना आणि व्यवहार, हा त्यांच्या मते इतिहासाचा विषय होता. मराठीच्या विद्यार्थ्यांना त्यांचे हे कार्य विशेष जवळचे वाटेल. १९०९ मध्ये त्यांनी ‘ज्ञानेश्वरी’ची एक जुनी प्रत संपादून प्रसिद्ध केली आणि तिच्या भाषेचे व्याकरण लिहिले. त्या प्रतीच्या प्राचीनतेविषयी पुढे मतभेद झाले. परंतु जुन्या मराठीचा अभ्यास रूपांच्या पुराव्यावर करण्याची दिशा या ग्रंथाने दाखवली.

‘राधामाधवविलासचंपू’ हे जयराम पिंड्ये या कवीचे काव्य त्यांनी १९२२ मध्ये दीर्घ प्रस्तावनेसह संपादिले. शहाजीराजांच्या दरबारातील बहुभाषिक सांस्कृतिक जीवन त्यातून समोर आले. १९२४ मधील ‘महिकावतीची बखर’ या संपादनात उत्तर कोकणातील वसाहतींचा विचार आहे. राज्ये बदलली तरी गावकरी त्यांकडे उदासीन का राहतात, हा प्रश्न त्यांनी तेथे उपस्थित केला. बखरींवर कठोर टीका करणाऱ्या संशोधकानेच एका बखरीतून समाजेतिहास काढून दाखवला, ही गोष्ट ध्यानात ठेवा. कोणतेही साधन सर्वस्वी टाकाऊ नसते. त्याला कोणता प्रश्न विचारावा, हे कळावे लागते.

त्यांचे सर्वांत धाडसी लेखन म्हणजे ‘भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास’. विवाहाची आजची चौकट अनादी नसून ती टप्प्याटप्प्याने घडली, असे त्यांनी वेद-महाभारतादी ग्रंथांच्या आधारे मांडले. हे लेखन मासिकातून प्रसिद्ध होऊ लागताच सनातनी वर्तुळात संताप उसळला. राजवाडे स्वतः परंपरेचे अभिमानी. तरी पुरावा जेथे नेईल तेथे जाण्यास या विषयात ते कचरले नाहीत.

आयुष्याच्या अखेरीस ते धुळ्यात होते. ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. धातू आणि शब्दव्युत्पत्ती यांवरील त्यांचे कोशकार्य मागे राहिले होते. १९२७ मध्ये धुळ्यात स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळाने त्यांचे कागद सांभाळले आणि हे कोश पुढे प्रसिद्ध केले.

५.६ मर्यादा

आता अधिक अवघड भागाकडे वळू. विवाहसंस्थेविषयी निर्भयपणे लिहिणारे राजवाडे जातिव्यवस्थेविषयी लिहिताना तीच निर्भयता दाखवत नाहीत. चातुर्वर्ण्य आणि ब्राह्मणांचे नेतृत्व यांविषयीचा अभिमान त्यांच्या प्रस्तावनांत वारंवार डोके वर काढतो आणि अनेकदा पुराव्याची जागा घेतो. कायस्थ प्रभू समाजाविषयीच्या त्यांच्या लेखनाने मोठा क्षोभ झाला. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१८ मध्ये ‘कोदंडाचा टणत्कार’ लिहून त्याला सडेतोड उत्तर दिले.

दुसरी मर्यादा साधनांतच आहे. दफ्तर असते ते ज्याच्याकडे वतन, सत्ता किंवा मठ आहे त्याच्याकडे. ज्याला लिहिता येत नव्हते, त्याचे नाव कागदात येते ते बहुधा सारा देणारा, वेठीला धरलेला किंवा तंट्यातला आरोपी म्हणून. महात्मा फुले यांनी १८६९ मध्येच शिवछत्रपतींवर पोवाडा रचून राजाला शूद्र-शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले होते, आणि पुढे ‘शेतकऱ्याचा असूड’ मधून गावाचा इतिहास राबणाऱ्याच्या अंगाने मांडला होता. ही दृष्टी राजवाडे यांनी आपल्या दप्तरांच्या शेजारी ठेवली असती, तर त्यांच्या इतिहासाचे रूप वेगळे झाले असते. म्हणून राजवाडे यांचे खंड आजही उघडावेत. त्यांच्या प्रस्तावना मात्र स्वतंत्रपणे तपासाव्यात. छापलेले पत्र आणि त्यावर संपादकाने बांधलेला तर्क या दोन गोष्टी कधीही एकत्र करू नका.

५.७ तुमच्या प्रकल्पासाठी

या चरित्रातून तुमच्या कामाला काय घेता येईल? विषय लहान आणि जवळचा निवडा : गावाचा आठवडे बाजार, शाळेची जुनी हजेरीपत्रके, एखाद्या तमाशा फडाची किंवा भजनी मंडळाची वाटचाल, सहकारी सोसायटीची कागदपत्रे, घरातल्या जात्यावरच्या ओव्या. कागद मालकाच्या परवानगीनेच पाहा, त्याचे छायाचित्र घ्या आणि तो आहे त्या क्रमाने परत ठेवा. तो कोणाकडे, कोठे आणि कशा अवस्थेत मिळाला, याची नोंद त्याच दिवशी करा. मजकूर एका वहीत आणि तुमचा तर्क दुसऱ्या वहीत लिहा. प्रत्येक विधानाला दुसरे साधन शोधा; कागद असेल तर वृद्धांची मुलाखत, मुलाखत असेल तर कागद. शेवटी स्वतःला विचारा, की या साधनांत कोणाचा आवाज नाही? स्त्रियांचा, भूमिहीनांचा, गावकुसाबाहेरच्यांचा? तो आवाज शोधण्याची वाट दिसली, तर तीच तुमच्या प्रकल्पाची खरी भर ठरेल.

५.८ सारांश

राजवाडे यांनी पद आणि द्रव्य यांवाचून, चिकाटीच्या बळावर, नष्ट होणारे कागद वाचवले आणि इतिहासाला अस्सल पुराव्याची शिस्त लावली. भाषा, वसाहत आणि कुटुंब यांपर्यंत त्यांनी इतिहासाची व्याप्ती नेली. जात्यभिमानामुळे त्यांचे काही निष्कर्ष डागाळले, आणि ते आपण त्यांनीच शिकवलेल्या पुराव्याच्या कसोटीवर तपासतो. ती कसोटी स्वतःच्या आवडत्या मतांनाही लावणे, हे तुमच्या पिढीचे काम आहे.

५.९ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. बखर आणि समकालीन पत्र यांच्या विश्वसनीयतेत कोणता फरक आहे? पानिपतच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. राजवाडे यांच्या संशोधनातून सामाजिक आणि सांस्कृतिक इतिहासाला कोणती दिशा मिळाली?
३. राजवाडे यांच्या इतिहासदृष्टीच्या मर्यादा सोदाहरण लिहा.
४. क्षेत्रीय कार्य : आपल्या घरातील किंवा गावातील पन्नास वर्षांपूर्वीचा एक कागद मिळवा. त्याचा काळ, लेखक आणि हेतू ठरवा, आणि त्यात कोणाचा उल्लेख नाही, यावर एक पानभर टिपण लिहा.