फ्रेडी मर्क्युरी : पाचगणीत शिकलेला गायक

५ सप्टेंबर म्हटलं की आपल्याला शिक्षक दिन आठवतो. १९४६ साली याच तारखेला झांझिबारमध्ये एका पारशी कुटुंबात फारोख बुलसारा जन्मला. ८ वर्षांचा असताना आईवडिलांनी त्याला आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवलं. एवढंसं पोर, आणि घर समुद्रापलीकडे! पियानोवर हात बसला तो इथेच. शाळेतल्या मुलांच्या 'हेक्टिक्स' बँडमध्ये तो वाजवायचा.

पुढे इंग्लंडमध्ये तो फ्रेडी मर्क्युरी झाला. १९७५ साली 'क्वीन' बँडसाठी त्याने 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' लिहिलं. आधी संथ, करुण गाणं, मध्येच ऑपेरा, मग दणदणीत रॉक! ऑपेराच्या तुकड्यात मोठा गायकवृंद ऐकू येतो ना, ते गाणारे तिघंच. आवाजावर आवाज चढवत त्यालाच सुमारे तीन आठवडे गेले.

गाणं झालं जवळपास ६ मिनिटांचं. एवढं लांब रेडिओवर कोण लावणार, असं कंपनीचं म्हणणं. फ्रेडी काही कापायला तयार होईना. (आपण मात्र निबंध दहा ओळींतच मागतो, नाही का?) शेवटी केनी एव्हरेट या निवेदकाने लंडनच्या रेडिओवर एकाच शनिवार-रविवारी ते पुन्हापुन्हा लावलं आणि लोक दुकानांत विचारू लागले. ब्रिटनमध्ये ९ आठवडे ते पहिल्या क्रमांकावर होतं.

२४ नोव्हेंबर १९९१ ला एड्सच्या आजारात तो गेला, अवघ्या ४५ व्या वर्षी. त्यानंतर तेच गाणं, न कापलेलं, पुन्हा पहिलं आलं.