कागदाची सुरळी

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका वाचकांनी पोटात घ्याव्यात.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी आजी आय.सी.यू.मध्ये होती. एका रात्री तिच्या मॉनिटरचा अलार्म वाजला आणि मी घाबरून धावतच सुटले. सिस्टर शांतपणे आल्या, आजीच्या बोटावरून सरकलेला प्रोब नीट बसवला आणि गेल्या. रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की बीपचा सूर खाली उतरतो, हेही नंतर त्यांनीच मला सांगितलं. मी इलेक्ट्रॉनिक्सची विद्यार्थिनी, सेन्सरचं सर्किट मला तोंडपाठ! पण आवाजाचा अर्थ त्यांना कळत होता, मला नाही.

मग प्रश्न पडला, शरीराचे आवाज ऐकून आजार ओळखायचं शास्त्र उभं कोणी केलं? शोधता शोधता भेटले रेने लाएनेक.

त्यांचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ रोजी फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतात झाला. लहानपणीच आई गेली. नान्त शहरात डॉक्टर असलेल्या काकांकडे ते वाढले आणि १८०१ मध्ये पॅरिसला शिकायला आले. तिथे त्यांचे गुरू कोर्व्हिसार छातीवर बोटांनी ठोकून, त्या आवाजावरून निदान करायचे.

१८१६ मध्ये नेकर रुग्णालयात एक तरुण बाई हृदयविकाराची लक्षणं घेऊन आली. अंगाने स्थूल असल्यामुळे ठोकून काही कळेना, आणि परक्या बाईच्या छातीला कान लावणं बरं दिसेना. लाकडाच्या एका टोकाला टाचणीने खरवडलं तर दुसऱ्या टोकाला कान लावून ते स्पष्ट ऐकू येतं, हे लाएनेक यांना आठवलं. त्यांनी कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक छातीवर ठेवलं, दुसरं कानाला लावलं. ठोके नुसत्या कानापेक्षाही स्वच्छ ऐकू आले! पुढे त्यांनी स्वतः लेथवर लाकडी नळ्या बनवल्या. हाच पहिला स्टेथोस्कोप.

पण मला खरं काम त्यानंतरचं वाटतं. पेशंट जिवंत असताना ऐकलेला प्रत्येक आवाज त्यांनी लिहून ठेवला, आणि पेशंट दगावला तर शवविच्छेदनात आत काय सापडलं ते त्याच्याशी ताडून पाहिलं. पेशंट बोलताना छातीतून शेळीच्या बेंबें-सारखा आवाज आला, तर फुप्फुसाभोवती पाणी साठलंय, असे अर्थ एकेक करून लागत गेले. आपल्या भाषेत, हे कॅलिब्रेशनच! १८१९ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला. त्यात चुकाही होत्या. हृदयाच्या दुसऱ्या आवाजाचं कारण त्यांनी वरच्या कप्प्यांचं आकुंचन असं दिलं. खरं तर तो झडपा बंद होण्याचा आवाज, हे पुढे इतरांनी दाखवलं.

ज्या क्षयरोगाचे आवाज त्यांनी जगाला शिकवले, त्याच रोगाने त्यांना गाठलं. पुतण्या मेरियादेकने त्यांच्याच यंत्राने त्यांची छाती तपासली. ऐकू आलेल्या आवाजांचा अर्थ लाएनेक यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. १३ ऑगस्ट १८२६ रोजी, अवघ्या ४५ व्या वर्षी ते गेले. आपला स्टेथोस्कोप त्यांनी पुतण्यालाच दिला.

आजी आता घरी आहे. मित्रांनो, आपण प्रोजेक्टमध्ये बझर लावतो, तो वाजला की टाळ्या पिटतो आणि व्हायव्हा देऊन मोकळे होतो. यापुढे बझर सोल्डर करण्याआधी मी स्वतःला एवढंच विचारणार आहे: हा वाजल्यावर रात्रपाळीच्या सिस्टरने नेमकं काय समजायचं?