मुक्ताई दाराबाहेर बसली तेव्हा



आज खरं तर हरिपाठातला पुढचा अभंग घ्यायचा होता. पण परवा ताईचा फोन आला. भाचा अकरावीत आहे. क्लासच्या टेस्टचे मार्क ग्रुपवर पडले, पोरांनी त्यावर मीम केलं आणि हा दोन दिवस खोलीचं दार लावून आत. जेवणाचं ताटही दाराबाहेर ठेवायचं. फोन ठेवला आणि मला ताटीचे अभंगच आठवले. म्हणून आज ज्ञानोबांबद्दल.

आपण तसबिरीत पाहतो तो चेहरा इतका शांत असतो, की हा पोरका मुलगा होता हे विसरायलाच होतं. जन्म १२७५चा. वडील विठ्ठलपंत संन्यास घेऊन काशीला गेले आणि गुरूंच्या आज्ञेने परत संसारात आले. त्याची शिक्षा सगळ्या घराला झाली. संन्याशाची पोरं म्हणून चौघांना वाळीत टाकलं, मुंज नाकारली. पोरांना तरी समाजात घेतील या आशेने आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं. (इथे मला दर वेळी राग येतो.) मागे उरले निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता. थोरला आणि धाकटी यांच्यात जेमतेम सहा वर्षांचं अंतर!

पुढे शुद्धिपत्रासाठी ही मुलं पैठणला गेली. रेड्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती सोडतो. चमत्कार सांगताना आपण एक साधा प्रसंग घाईत उरकतो, आणि मला तोच सगळ्यात मोठा वाटतो.

परंपरा सांगते, ज्ञानदेव एकदा भिक्षेला गेले असताना लोक काहीबाही बोलले. ते जिव्हारी लागलं. घरी आले आणि झोपडीची ताटी, म्हणजे झापाचं दार, लावून आत बसले. ज्यांना आपण माउली म्हणतो, तेही दार लावून बसले होते!

बाहेर बसली मुक्ताई. वयाने सगळ्यात लहान. आईबाप तिचेही गेले होते, टोमणे तिलाही बसत होते. पण ते अभंग सलग वाचून बघा. झालं ते काहीच नव्हतं, असं ती कुठेही म्हणत नाही. लोक बरोबर होते, असंही नाही. तू कोण आहेस आणि तुझ्या हातून काय व्हायचंय, याची ती आठवण देते. मध्येच मोठ्या बाईसारखी समजावते, मध्येच लाडक्या बहिणीसारखी हट्ट करते. आणि प्रत्येक अभंगाच्या शेवटी तीच विनवणी, दार उघड. न कंटाळता, पुन्हा पुन्हा. दार उघडलं.

या मुलांना देव एकट्याने सापडला नाही. निवृत्तीला त्र्यंबकेश्वरला गहिनीनाथ भेटले, त्याने मिळालेलं ज्ञानदेवाला दिलं. भाऊच गुरू झाला. नेवाशाला १२९०मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, ती लिहून घ्यायला सच्चिदानंदबाबा होते. सुमारे नऊ हजार ओव्या, वय पंधरा. शेवटी पसायदानात हा मुलगा दुष्टांचं वाईट मागत नाही, त्यांच्यातला वाकडेपणा जावा एवढंच मागतो. लोकांचा इतका वाकडेपणा सोसलेल्या मुलाने हे मागावं, यावर मी आजही अडकतो.

मग पंढरपूरचे नामदेव भेटले. जातीने शिंपी. दोघं मिळून तीर्थयात्रेला निघाले. गोरोबा, सावता माळी, चोखोबा, जनाबाई अशी माणसं एकमेकांना धरून उभी राहिली. ज्याला एका गावाने बाहेर काढलं, त्याला एक आख्खा संप्रदाय मिळाला. १२९६मध्ये माउलींनी आळंदीलाच संजीवन समाधी घेतली, तेव्हा ती जागा झाडायला नामदेवांची मुलं होती.

शनिवारी मी ताईकडे गेलो. एवढं सगळं डोक्यात घेऊन गेलो होतो, पण त्यातलं काहीच बोललो नाही. कारण भाच्याच्या खोलीबाहेर त्याची सातवीतली बहीण आधीच फरशीवर बसली होती आणि मोबाईलवरचा क्रिकेटचा स्कोअर मोठ्याने वाचत होती. मुद्दाम चुकीचा. चौथ्या की पाचव्या चुकीला आतून तो ओरडला. मीही तिच्या शेजारी बसलो. रात्री नऊच्या सुमारास कडी वाजली.

उद्या हरिपाठ. राम कृष्ण हरी.